फ्रिजमधला रुव्हिन्यी

१

आमचे संपादक आन्सेल्म रुव्हिन्यी मंगळवारी सकाळी वारले आणि सव्वाअकरा वाजता स्वतःच्या पायांनी जिना उतरून जुळारीखान्यात आले.

हातात आमचंच वृत्तपत्र, शाई अजून ओली. पान चौदा वर येईल अशी घडी. पानाच्या मधोमध त्यांचा फोटो, त्याभोवती काळी चौकट आणि खाली दीड रकाना मजकूर. ते ओरडले नाहीत. दगडापाशी आले. पानं जुळवायच्या लोखंडी टेबलाला आम्ही दगडच म्हणतो. तिथं त्यांनी पत्र सगळ्यांसमोर पसरलं आणि हातमोजे काढत विचारलं, "कोणी सांगेल का, मी कशानं गेलो?"

फोरमन ग्वेनेकच्या हातातली शिशाची ओळ सुटून खाली पडली. सहसंपादक क्लोतिल्द मार्सान पांढरीफटक पडली होती.

"हॉस्पिटलातून फोन आला होता," ती कशीबशी म्हणाली. "दहा सतराला. तुम्ही रस्त्यात कोसळलात म्हणाले."

"मी दाढ काढायला गेलो होतो. दाढ गेली, मी आहे."

मी सोलांज पेराक. 'ल फानाल' या आमच्या पत्रात मुद्रितं तपासते. चोवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून दुसऱ्यांचे स्वल्पविराम सरळ करते आहे. माझं टेबल दगडापासून दहा पावलांवर, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आणि आता खरं सांगून टाकते. सकाळी तो गेला असं कळल्यावर या इमारतीत एकही डोळा ओला झाला नव्हता. मार्साननं घड्याळ पाहिलं, ग्वेनेकनं रकान्याची लांबी मोजली आणि मला बरं वाटलं.

आता त्याचीच सगळ्यांना लाज वाटत होती, आणि रुव्हिन्यीला ती दिसत होती. सात वर्षांत तो इथं आला की शिशाची अक्षरं जुळवणारे जुळारी आपल्या पट्ट्या लोखंडावर आपटायचे. बरोबर अकरा ठोके. पॅरिसच्या छापखान्यांत ठोके स्वागताचेही असतात आणि शिमग्याचेही. त्याच्या वाट्याचे कसले होते ते त्यालाही ठाऊक होतं. आज मात्र एकही ठोका पडला नाही.

"चार वाजता संचालकपदाचं मतदान आहे," तो म्हणाला. "त्याच दिवशी मला पुरलंत. असू दे. मी कोणावर राग धरणार नाही. फक्त एका माणसाला सोडणार नाही."

त्यानं मजकुरावर बोट ठेवलं.

"या घरात मेलेल्यांची पानं एकच माणूस लिहितो. कास्तान्योलला बोलवा."

२

फिर्मां कास्तान्योल समोरच्या कॅफेतून आला तो हातात पेस्ट्रीचा पुडा घेऊन. पुड्याला त्यानंच दोरी गुंडाळलेली, पण गाठ नाही. दोरीचं टोक कोपऱ्यात दाबून बसवलेलं. चौदाव्या वर्षापासून तिशीपर्यंत तो जुळारी होता. शिशानं छाती खाल्ली म्हणून लेखणी धरली. पण बोटांची सवय जात नाही. आम्ही त्याला चिडवायचो की फिर्मां बुटाच्या नाड्यासुद्धा गाठीशिवाय बांधतो.

मृत्युलेख हा आमच्याकडे अचानक लिहायचा प्रकार नव्हे. ज्यांच्या जाण्याची बातमी होईल अशा अडीचशे माणसांचे लेख आधीच लिहून, शिशात जुळवून, कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलेले असतात. त्या कपाटाला आम्ही फ्रिज म्हणतो. जुळवतानाच ते तपासलेले असतात. पुडक्यावर तपासणाऱ्याची सही असते. माणूस गेला की पुडकं काढायचं, वर तारखेची एक ओळ जोडायची आणि पान बंद करायचं. त्या वेळी फक्त ती एक ओळ तपासतात. आमचं पत्र संध्याकाळचं, म्हणजे साडेदहाला पानं बंद आणि दुपारी जेवणाच्या वेळी कियॉस्कवर. दहा सतराला माणूस मेला तर दीड रकाना वाचत बसायला कोणाला वेळ आहे?

पुडक्यावर सही माझी होती. एकाहत्तर साली मीच तो लेख तपासला होता. कास्तान्योलनं लिहिलेला, कोरडा आणि सभ्य, वाचताना झोप यावी असा. आज आत निघालेला लेख तो नव्हता. कोणीतरी पुडकं उघडून आतलं शिसं बदललं होतं आणि माझ्या सहीचाच कागद वर पुन्हा गुंडाळला होता. मी तारखेची ओळ वाचली, ठीक आहे म्हणाले आणि माझी मान त्या फासात अडकवून मोकळी झाले.

"कपाटाच्या किल्ल्या तीन," रुव्हिन्यी म्हणाला. "एक ग्वेनेकची, एक तुमची, एक माझ्या खोलीत खिळ्यावर. दहा सतराला तुम्ही कुठे होतात, मस्यू कास्तान्योल?"

"कॅफेत."

"कॅफेत फोन आहे?"

"आहे."

"झालं तर मग. चारच्या सभेत सगळ्यांसमोर राजीनामा द्या. नाहीतर मी पोलिसांकडे जातो. खोटा फोन, खोटा मृत्यू. या वयात कोठडी सोसवायची नाही तुम्हाला."

कास्तान्योलनं पुडा टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं तो या इमारतीत होता. त्याचं दुसरं घर नव्हतं, खरं तर पहिलंही नव्हतं. बायको गेल्यावर तो रविवारीसुद्धा इथं येऊन बसायचा.

"मी मेलेल्यांबद्दल कधी वाईट लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "जिवंतांबद्दल लिहायला तर मला कोणी सांगितलंच नाही."

रुव्हिन्यी निघून गेला. ग्वेनेक दात-ओठ खात टेबल आवरायला लागला. "सकाळपासूनच दिवस नासका," तो पुटपुटला. "ते पुडकं काढलं तेव्हाच कळायला हवं होतं. कोणा गाढवानं त्याला गाठ मारली होती गाठ! सोडवायला वेळ नव्हता, सुरीनं कापली."

मी खुर्चीतून उठले. दगडाखालची कचऱ्याची टोपली अजून रिकामी केलेली नव्हती.

३

दोरी सापडली. सुरी दोन्हीकडे गाठीपासून लांब लागली होती, त्यामुळे गाठ शाबूत होती. चपटी, दोनदा वेढा घेतलेली, वर एक लहानसा फास ठेवलेली. ती मी खिशात टाकली आणि पान चौदा घेऊन बसले. सकाळी वाचायला हवं होतं ते आता वाचलं.

'नोटरीचा मुलगा. ल्योंच्या एका पत्रात फुटबॉलचे निकाल लिहिण्यापासून सुरुवात. १९४९ साली 'ला लुकार्न' साप्ताहिकात शिरला तो शिफारशीनं, आणि वर चढला तो माणसांच्या खांद्यांवर पाय देत. १९५१ साली कोर्ब्लाँच्या खाणीवरील वार्तापत्रानं त्याचं नाव देशभर गेलं. १९५३ साली संपादकाची खुर्ची मिळाली ती खुर्चीतला माणूस अंथरुणाला खिळला असताना. नाताळच्या आदल्या दिवशी एकोणीस जणांना पत्रानं घरी बसवलं आणि स्वतः बर्फावर घसरायला गेला. मंत्र्यांची एक जेवणावळ चुकवली नाही, ती पचावी म्हणून बातम्या मात्र चुकवल्या. अडुसष्ट साली 'ल फानाल'मध्ये आला. तेव्हापासून या पत्रात वाचण्यासारखं राहिलं ते हवामान.'

असं दीड रकाना. हसू आलं, मग हसल्याचा राग आला. लिहिणाऱ्याला लिहिता येत होतं. मी लेख दुसऱ्यांदा वाचला आणि एका ओळीवर माझं बोट थांबलं. तिसऱ्या वाचनाला ते तिथून हलेना.

ग्वेनेक माझ्या टेबलाशेजारी जेवत होता. डब्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेली मसूर.

"हे जुळवलं कोणी?" मी विचारलं.

"सगळ्यांनी. म्हणजे कोणीच नाही. मागच्या बुधवारी जुळवायला आलेल्या कागदांच्या टोपलीत टाइप केलेला मजकूर पडला होता. आपल्याकडे मजकुराचे तुकडे कापून आठ जणांना वाटतात, बाई, तुम्हाला काय सांगायचं. प्रत्येकाच्या वाट्याला दहा ओळी. कोणाला वाटलं एखादा सिनेटर असेल, ज्यानं ओळखलं तो मजेत गप्प बसला. शीर्षक वेगळं, नावाचा पत्ता नाही. बारा ते साडेबारा सगळे जेवायला गेले, तेवढ्यात जुळवलेलं शिसं मेजावरून गेलं. मला वाटलं तुमच्याकडे तपासायला नेलं."

"आमच्याकडे आलं नाही. नेणारा जुळारी असेल?"

ग्वेनेकनं चमचा खाली ठेवला. "त्या गाठीनं? शिशाचा मजकूर गाठ मारून बांधला तर पानावर घेताना दोरी सुटत नाही. टोक दाबून बसवायचं, ओढलं की निघालं. ही पहिल्या आठवड्यात शिकायची गोष्ट. माझ्या लोकांना त्याचा जीव घ्यायचा असता तर त्यांनी सरळ घेतला असता, पण गाठ मारली नसती."

"आणि फिर्मां?"

"त्याचा पुडा बघितलात ना?"

मी टेबलावरचा बिल्ला उचलून पुन्हा ठेवला. माझ्या टेबलावर मुद्रितं उडू नयेत म्हणून एक पितळी बिल्ला असतो, झिजून गुळगुळीत झालेला.

"ग्वेनेक, तुम्ही लोक अकराच ठोके का देता हो?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वतःचंच नाव विचारलं. "तुम्हाला ठाऊक नाही? कोर्ब्लाँ! खाण कोसळली, आत एकतीस माणसं. 'कोर्ब्लाँचे अकरा दिवस'. शाळेत शिकवतात आता ते. त्यातली ती विधवा, नवऱ्याच्या खाणीतल्या दिव्याचा बिल्ला, नंबर दोनशे बारा, बातमीदाराच्या मुठीत ठेवते आणि म्हणते, तुम्ही लिहाल ना? मी वाचताना रडलो होतो. आणि हा गृहस्थ तिकडे फिरकलाही नव्हता! 'लुकार्न'मधली कोणी पोरगी अकरा दिवस चिखलात उभी होती, तिनं लिहिलं, यानं वर आपलं नाव घातलं. ती पोरगी गेली निघून. पॅरिसमधल्या प्रत्येक छापखान्याला माहीत आहे. कोणी तो बिल्ला दाखव म्हटलं की सांगतो, घर बदलताना हरवला."

मी पान चौदाची घडी घातली आणि निघाले.

क्लोतिल्द मार्सान तिच्या खोलीत रबरबँडांच्या ढिगात बसली होती. ही बाई कागदच काय, सँडविचसुद्धा रबरबँडनं बांधते. संचालकाच्या खुर्चीसाठी रुव्हिन्यीच्या विरोधात तीच उभी होती. आमच्याकडे तो मान बातमीदार-संपादक मतानं ठरवतात.

"काल संध्याकाळी मी जिंकत होते," ती म्हणाली. "आता संपलं. पुडकं काढा असं सांगणारी मीच. लोक माझ्याकडे बघतात ना, जणू मीच त्याला मारायला निघाले होते. त्याच्या खोलीतल्या खिळ्यापर्यंत माझाही हात पोचतो, हेही कुजबुजतात."

"तू बदललंस का शिसं?"

"तुलाही वाटतं?" ती ताडकन उठली. "मला त्याला बुडवायचं असतं तर फोन कशाला हवा होता? एक शब्द पुरे होता. सभेत उभं राहून म्हटलं असतं—"

ती थांबली.

"काय म्हटलं असतंस, क्लोतिल्द?"

ती उत्तर देणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिनं उचलला, ऐकला आणि माझ्याकडे सरकवला. "तुझ्यासाठी. वरून. साहेबांना तू आत्ताच्या आत्ता हवी आहेस."

४

रुव्हिन्यीचा गाल सुजला होता. बोलताना तो रुमाल लावत होता, पण आवाज चांगला ठणठणीत.

"बसा, पेराक बाई. किती वर्षं झाली आपल्याला?"

"तुम्हाला सात. मला चोवीस."

"या कागदावर तुमची सही आहे. मी ठरवलं तर संध्याकाळपर्यंत तुम्हीही बाहेर. पण मला ते नको. तुम्ही निरुपद्रवी आहात." हे तो कौतुक म्हणून म्हणाला. "तुम्हाला एवढंच आठवायचं आहे की मागच्या आठवड्यात कास्तान्योल फ्रिजपाशी एक पुडकं घेऊन उभा होता. आठवतं?"

"नाही."

"प्रयत्न करा. चारपर्यंत वेळ आहे."

सात वर्षं हा माणूस रोज मला नमस्कार करत होता, आणि सात वर्षांत त्यानं एकदाही माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. आजही तो माझ्या मागच्या दारावर नजर लावून बोलत होता. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि त्याच्या खोलीत नजर फिरवली, कारण इथं पुन्हा कोण बोलावणार होतं?

खिळ्यावर किल्ली होती. शेजारी कपाट, कपाटात त्याच्या फायली. पुठ्ठ्याच्या पाठी, लाल फीत, प्रत्येक गठ्ठा नेटका बांधलेला. बापाच्या कचेरीतली शिस्त असणार. लहानपणी त्यानं खरेदीखतांचे गठ्ठे बांधले असतील. प्रत्येक फितीला चपटी गाठ, दोनदा वेढा, वर लहानसा फास.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

"काय पाहता?" त्यानं विचारलं.

"फायली छान बांधल्यात. सेक्रेटरी बांधते का?"

"छे. कोणाला जमत नाही. मी स्वतः." आणि पहिल्यांदाच तो थोडा हसला. दाढेमुळे लगेच कळवळला. "मग? आठवतंय ना आता?"

"आठवतंय," मी म्हणाले. "चार वाजता सांगते."

५

सभागृहात मुद्रितशोधकांना जागा नसते. आम्ही ना बातमीदार, ना संपादक. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या मागोमाग ग्वेनेक आणि त्याचे आठ जुळारी आले, अंगावरचे निळे डगले न काढता. कोणी हटकलं नाही. त्या दिवशी सगळेच शरमलेले होते.

रुव्हिन्यी छान बोलला, मानलं पाहिजे. आपला मृत्युलेख आपण वाचणं हे नशीब सगळ्यांना मिळत नाही, म्हणाला. त्यातलं काही खरं असेल, मी कठोर होतो. पण माणूस मेल्याचं कळताच ज्यांनी घड्याळ पाहिलं, त्यांच्या हाती हे पत्र द्यायचं का, ते तुम्ही ठरवा. क्लोतिल्दनं मान खाली घातली. पुढच्या रांगेतली, कालपर्यंत त्याला शिव्या देणारी माणसं डोळे पुसत होती. सकाळी पुरलेल्या माणसाला दुपारी मत नाकारायला फार कोडगं काळीज लागतं.

"मस्यू कास्तान्योल," तो म्हणाला, "आम्ही वाट पाहतोय."

कास्तान्योल उठला. राजीनाम्याचा कागद त्याच्या हातात होता.

"बस खाली, फिर्मां," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. मी पुढे गेले आणि अध्यक्षांच्या टेबलावर दोरी ठेवली.

"साहेबांनी मला आठवायला सांगितलं होतं. आठवलं. हे पुडकं या गाठीनं बांधलेलं होतं. ग्वेनेक, तुमचा एखादा जुळारी अशी गाठ मारेल?"

"मेला तरी नाही."

"फिर्मां सोळा वर्षं जुळारी होता. त्याचा पेस्ट्रीचा पुडा खाली टेबलावर आहे, ज्याला हवा त्यानं बघावा. मार्सान बाईंना रबरबँडपलीकडे काही येत नाही. आता कोणीतरी वर जाऊन साहेबांच्या कपाटातली फाईल आणा. कुठलीही."

एक बातमीदार धावत गेला. फाईल घेऊनच परतला. ती दोरीशेजारी ठेवली गेली. लाल फीत, चपटी गाठ, वर फास.

"माझी किल्ली, माझी गाठ," रुव्हिन्यी शांतपणे म्हणाला. "कोणीतरी माझ्या खोलीत आलं आणि पाहून शिकलं. मार्सान बाई रोज येतात. आणि मी माझ्याबद्दल असं का लिहीन? 'खांद्यांवर पाय देत'? 'जेवणावळ'? हा माझ्या शत्रूचा हात आहे!"

"हो, मलाही तसंच वाटलं," मी म्हणाले. "म्हणून मी तीनदा वाचलं. या लेखात तुमचं जन्मापासूनचं सगळं काढलंय. शिफारस काढली, नाताळ काढला. एका वाक्यात मात्र विष नाही. 'कोर्ब्लाँच्या खाणीवरील वार्तापत्रानं त्याचं नाव देशभर गेलं.' बस्स, एवढंच. पुढे काही नाही."



"क्लोतिल्द, दुपारी तू म्हणालीस, एक शब्द पुरे होता. कोणता?"

"कोर्ब्लाँ," क्लोतिल्द म्हणाली.

"या सभागृहात इतकी माणसं आहेत. तुम्हाला या माणसावर गरळ ओकायला दीड रकाना दिला, तर कोर्ब्लाँ सोडून बाकी सगळं लिहील असा कोणी आहे? असेल तर हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. रुव्हिन्यीचा रुमाल गालावरून खाली आला.

"तुमचे सगळे शत्रू तिथूनच सुरुवात करतील. तुम्हाला स्वतःला शिव्या देता आल्या, साहेब. त्यातून मतं मिळणार होती. आळ फिर्मांवर जाणार होता, क्लोतिल्द बदनाम होणार होती. दाढेच्या दवाखान्यातही फोन असतो. सगळं जमलं. ते एक वाक्य मात्र खोट्या लेखातसुद्धा तुमच्या हातून खरं लिहवलं नाही."

"कुचाळक्या!" तो आता ओरडला. "चोवीस वर्षं त्याच कुचाळक्या! कोणी पोरगी म्हणे! कोण पोरगी? नाव काय तिचं? आली का कधी ती? तिनं कधी तोंड उघडलं?"

नाही उघडलं. त्या वेळी मी सत्तावीस वर्षांची होते. अंक हातात आला तेव्हा मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले होते, आणि तो म्हणाला होता की तुझं नाव कोणाला माहीत नाही, माझ्या नावानं निदान लोक वाचतील. मी त्याच दिवशी निघाले. लग्न झालं, नाव बदललं आणि जिथं कोणाचंच नाव छापत नाहीत असं काम पत्करलं. फक्त फिर्मांला ठाऊक होतं. आता तो मान हलवून मला नको म्हणत होता, कारण हे सांगितलं की पुडक्यावर सही करणाऱ्या बाईपाशीच सगळ्यात मोठं कारण सापडत होतं. मला ते कळत होतं. पण राजीनाम्याचा कागद अजून त्याच्या हातात होता.

सभेला येताना टेबलावरून उचललेला पितळी बिल्ला मी खिशातून काढला आणि दोरीशेजारी ठेवला. अध्यक्षांनी चष्मा चढवला, बिल्ला दिव्याखाली तिरका धरला.

"दोनशे बारा," ते म्हणाले.

"सोलांज दुव्हेर्न," मी म्हणाले. "लग्नानंतर पेराक. आता खुशाल म्हणा, हिनंच सूड म्हणून तो लेख लिहिला. पण मी लिहिला असता ना, तर पहिली ओळ कोर्ब्लाँची असती, आणि दुसरी ओळ लागलीच नसती."

रुव्हिन्यीनं सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

६

मतमोजणीला मी थांबले नाही. नंतर कळलं, त्याला सहा मतं पडली आणि त्यातलं एक त्याचं स्वतःचं. कास्तान्योलनं राजीनाम्याचा कागद फाडून पेस्ट्रीखाली घेतला, टेबलाला लोणी लागू नये म्हणून.

मी खाली माझ्या खुर्चीकडे निघाले होते. बुधवारच्या अंकाची मुद्रितं येऊन पडली होती, आणि ती उडू नयेत म्हणून ठेवायला आता काही नव्हतं. बिल्ला अध्यक्षांच्या टेबलावरच राहिला होता. परत आणायला जायचा धीर होत नव्हता.

जुळारीखान्यातून जाताना ग्वेनेक दगडापाशी उभा होता. आठही जण आपापल्या जागी, कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मी मधल्या वाटेनं निम्म्यापर्यंत आले आणि मागे पट्टी लोखंडावर पडली. एकदा. मग सगळ्यांच्या एकदम. मी मोजत नव्हते, मला मोजावंच लागलं नाही. त्या अकरा दिवसांतला एकेक दिवस मला पाठ होता. चौथ्या दिवशी पाऊस लागला होता. सातव्या दिवशी आतून येणारा ठोठावण्याचा आवाज बंद झाला. अकराव्या दिवशी ती बाई माझ्याकडे चालत आली होती.

अकरावा ठोका पडला. मी खुर्चीत बसले आणि वरचं मुद्रित ओढलं. गव्हाच्या भावाची बातमी होती. तिची पहिली ओळ मी किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही, कारण ती मला दिसतच नव्हती.

थोड्या वेळानं फिर्मां आला. त्यानं बिल्ला माझ्या कागदांवर ठेवला आणि शेजारी एक कोरा कागद.

"फ्रिजमधली एक जागा रिकामी झाली आहे," तो म्हणाला. "रुव्हिन्यीचा लेख पुन्हा लिहावा लागेल. मला वाटतं, या वेळी बातमीदारानं लिहावा. खाली नाव घालून."

मी लेखणी उचलली.